शेवटच्या रेच्यावरचा दोरा

नंदुरबारला स्टेशनजवळच्या एका जिनिंगमध्ये मी फिटर होतो. फिटर म्हणजे ज्याला कुणी काही शिकवलेलं नसतं आणि तरी बिघडलेलं सगळं ज्याच्यापुढे आणून टाकतात तो माणूस. शहादा, ब्राह्मणपुरी, पार तापीपलीकडून कापसाच्या गाड्या यायच्या, आवारात बैल सुटायचे, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत आम्हा सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला आमच्याकडे रेचा म्हणत. एका लांब खोलीत रेच्यांची रांग होती आणि प्रत्येक रेच्यावर एक बाई बसून कापूस भरवायची. खोलीला खिडक्या होत्या, पण रुई उडते म्हणून त्या बंद ठेवत. उडायची ती रुई मग बायांच्या नाकातोंडात जायची. त्याची नोंद कुठल्याच हिशेबात नव्हती.

रांगेतल्या शेवटच्या रेच्यावर माझी मोठी बहीण बसायची. नवरा गेल्यावर ती माझ्याकडे आली ती एका अटीवर. आपलं पोट आपण भरायचं, भावजयीच्या हातचं फुकटचं खायचं नाही. माझी बायको काही वाईट नव्हती, पण आक्काचा स्वभावच तसा. तिला दुसऱ्याच्या चुलीपुढे बसणं म्हणजे शिक्षा वाटायची. मागच्या हंगामात तिला खोकला लागला होता, तो पावसाळ्यात थोडा कमी झाला, गेला मात्र नाही. मी म्हणालो, यंदा जाऊ नको. ती म्हणाली, "मंग घर बठीसन काय भिती देखू?" घरी बसून भिंती बघत राहणं तिला मंजूर नव्हतं.

त्याच वर्षी पंखा आला. कारखाने तपासणारे साहेब मागच्या हंगामात येऊन गेले होते. रेच्यांच्या खोलीत ते जेमतेम उभे राहिले आणि रुमाल नाकाला लावून बाहेर पडले. धूळ ओढून बाहेर टाकायची सोय करा, नाहीतर खोली बंद करतो, असं शेठना बजावून गेले. ज्या हवेत बाया अख्खा हंगाम काढायच्या त्या हवेत साहेबांना पान चघळून होईपर्यंतही राहवलं नाही, हे एका अर्थी आमच्या बायांचं नशीबच म्हणायचं. शेठनी मुंबईहून पंखा मागवला. पंखा म्हणजे गोगलगाईसारखं वळलेलं लोखंडी कवच आणि आत पात्यांचं चाक. त्याला जोडायला पत्र्याचे नळ. मुख्य नळ आढ्याखालून रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि प्रत्येक रेच्यावर त्यातून खाली उतरलेला एक लहान नळ, पसरट तोंडाचा. धूळ त्या तोंडांतून वर जायची, मोठ्या नळातून पंख्यात आणि पंख्यातून भिंतीबाहेर, आवारातल्या कडुनिंबाच्या बाजूला.

पंखा बसवायला कंपनीचा एक माणूस आला होता. त्यानं पंखा बसवला, नळ टांगले, सांधे रिबिटांनी ठोकले आणि चालू न करताच पावसाळ्याच्या तोंडावर घरी निघून गेला. जाताना म्हणाला, "काही नाही त्यात, पट्टा चढवा की चालू." मी आजवर ऐकलेल्या खोट्या वाक्यांत हे फार वर बसेल.

दिवाळीच्या आधी आम्ही कापसाशिवाय नुसता पंखा चालवून पाहिला. आम्ही म्हणजे मी आणि इंजिनवाले काका. काका मूळचे सुरतेकडचे, आमचं ऑइल इंजिन त्यांच्याच ताब्यात होतं. त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी होती. तरुणपणी चालत्या पट्ट्यात हात घातला होता, तेव्हापासून त्यांचा एकच नियम होता: आधी यंत्र बंद, मग हात. हा नियम मोडणाऱ्याला ते इंजिनच्या खोलीत उभं करत नसत. त्या दिवशी त्यांनी पट्टा चढवला, पंखा घरघरला आणि बाहेर, नळाच्या शेवटच्या तोंडातून, पिसांचा एक लहानसा पुंजका उडाला. पावसाळाभर नळ रिकामा पडून होता, तेवढ्यात एका चिमणीनं तिथं संसार मांडला होता.

शेठ नेमके आवारातच होते. ते मोठे जीवदयेचे. घरात पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय कुणी पीत नसे. कडुनिंबाखाली पक्ष्यांना दाणे टाकायला त्यांनी ओटा बांधला होता, आणि सकाळी दाणे टाकल्याशिवाय ते स्वतः चहा घेत नसत. ती पिसं पाहून ते मटकन ओट्यावर बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे मला त्यांच्या स्वयंपाक्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बारीक तारेची जाळी आणवली आणि सुताराकडून बाहेरच्या तोंडावर पक्की मारून घेतली. पाणी गाळायचं फडकं तांब्याच्या तोंडाला बांधतात ना, तशी. चांगलंच काम होतं.

लाभपंचमीला मुहूर्त झाला. रेच्यांना झेंडूच्या माळा, पंख्यावर कुंकवाचं स्वस्तिक, नारळ फुटला. काकांनी पट्टा चढवला आणि मुख्य नळ गुणगुणायला लागला. कुणीतरी झेंडूच्या पाकळ्या एका तोंडाखाली धरल्या, त्या सुर्रकन वर गेल्या. अक्कलकुव्याकडून हंगामाला आलेल्या डोंगरातल्या बाया टोपल्या उतरवून बघायला आल्या, आपसात त्यांच्या बोलीत काहीतरी बोलल्या आणि हसून पुन्हा टोपल्या उचलल्या. आक्कानं आपल्या लुगड्याचा एक दोरा काढला आणि आपल्या रेच्यावरच्या नळाच्या कडेला बांधला. दोरा आत ओढला जाऊन ताठ उभा राहिला. ती माझ्याकडे बघून हसली, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या पंख्याचे पाय धरावेसे वाटले.

तेवढ्यात मुकादम आला. बायांना कामावर घ्यायचं आणि काढायचं त्याच्या हातात होतं. तो खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आते हवा साफ शे. साहेब परत येवाव शे. आते जी खोकी, ती तिन्हा घर जाई." म्हणजे साहेब पुन्हा येणार, त्यांच्यापुढे खोकणारी बाई नको. पंखा आणला तो बायांसाठी, आणि तो आला म्हणून बाया जाणार. मुकादमाला यात काही वावगं वाटलं नाही. मला त्याचा राग आला, तो अजून गेलेला नाही.

कापूस सुरू झाला. पहिल्यांदा सगळं छान. मग हळूहळू खोली पुन्हा पांढरी व्हायला लागली आणि रांगेच्या टोकाकडून आक्काची हाक आली, "पडना रे भाऊ दोरा!" जाऊन पाहिलं तर दोरा लुळा लोंबत होता. पंखा तर घरघरतच होता. आक्कानं पदर तोंडाला बांधला होता आणि पदराआड ती खोकला दाबत होती. मुकादम तिच्याच बाजूला बघत होता.

काकांनी यंत्र बंद केलं. आम्ही कवच उघडलं, पाती पाहिली. स्वच्छ. पंखा उलटा तर फिरत नाही ना, म्हणून पट्टा पाहिला. पट्टा सरळ चढवायचा असतो आणि कुणी तिढा देऊन चढवला तर चाक उलटं फिरतं, वारा येतो पण मरतुकडा. तसंही काही नव्हतं. कवचावर बाण काढला होता, चाक बाणाच्याच बाजूनं फिरत होतं. काका म्हणाले, "सांधे बघ." मी उदबत्त्यांचा जुडगा पेटवला, पंखा पुन्हा चालू करवला आणि शिडीवर उभा राहून प्रत्येक सांध्याजवळ धूर नेला. जिथं सांधा फुटका तिथं धूर आत ओढला जायचा. कंपनीच्या माणसाचे निम्मे सांधे असे चोरटे निघाले. टोकाच्या तोंडापर्यंत पोचायचा वारा वाटेतच गळत होता. बायांनी चिंचोक्याची खळ शिजवून दिली, आम्ही जुन्या धोतराच्या पट्ट्या खळीत भिजवून सांध्यांवर गुंडाळल्या. मुहूर्ताच्या दिवशी नवा नळ असा पायमोडक्या माणसासारखा पट्ट्या बांधून उभा राहिला.

चालू केल्यावर दोरा ताठ झाला. आम्ही विड्या पेटवायला बाहेर आलो आणि विडी संपायच्या आत पुन्हा हाक आली.

मग काकांच्या डोक्यात आलं की पंख्याजवळची तोंडं सगळा वारा खाऊन टाकतात, लांबच्याला उरतच नाही. पंगतीत वाढप्याच्या जवळ बसणाऱ्याचं पान भरतं, शेवटच्याला वरणाचं पाणी. हे मला पटलं. मी जवळच्या तोंडांना पत्र्याच्या सरकत्या झडपा लावल्या आणि त्या थोड्या थोड्या बंद केल्या. जवळच्या बाया कुरकुरल्या. पण दोरा ताठ झाला, पहिल्यापेक्षाही ताठ. आणि पुन्हा पडला.

आमची गाडी रुतली ती इथं. प्रत्येक वेळी यंत्र बंद करून उघडावं तर आत काही नाही, आणि चालू करावं तर दोरा उभा. हा वैद्याच्या दारात पोचल्यावर दुखणं पळून जाणाऱ्या माणसातला प्रकार. फक्त एक गोष्ट माझ्या मनात खुपत होती. दोरा दर वेळी आधीपेक्षा लवकर पडत होता. बिघाड तोच असेल तर त्याला घाई का व्हावी, हे मला कळेना. काकांनी हात टेकले आणि कंपनीला तार करायला सांगितली. मुकादमानं आक्काला विचारलं, "कितला दिन शे हाऊ खोकला?" ती कापूस भरवत राहिली.

मला राहवेना. मी आवारात येऊन ओट्यावर बसलो. मागे पंखा घरघरत होता. समोर कडुनिंब. बाहेरच्या तोंडापुढे त्याची एक फांदी आलेली होती, आणि सकाळी, पंखा सुरू झाला तेव्हा ती हेलकावे खात होती हे मी पाहिलं होतं. आता पंखा चालू होता आणि फांदीचं पानही हलत नव्हतं. मी शिडी आणली. चालत्या यंत्राजवळ जायचं नाही हा काकांचा नियम मला माहीत होता, पण पंखा भिंतीच्या आत होता आणि तोंड बाहेर, तेव्हा बोटं जायची भीती नव्हती. वर चढून पाहिलं. जाळीच्या आतल्या बाजूला रुई अशी बसली होती की जाळी दिसतच नव्हती. गोधडीचा तुकडाच. त्याच्यातून वारा कुठून यायचा? मी वरूनच ओरडून यंत्र बंद करायला सांगितलं. वारा थांबला तशी ती गोधडी आपल्याच वजनानं सुटली आणि आत, नळाच्या अंधाऱ्या वळणात पडली. जाळी पुन्हा स्वच्छ. पुन्हा चालू केलं की तीच रुई तयार गठ्ठ्यानं येऊन जाळीवर बसायची, म्हणून घाई.

आम्ही दिवसभर पंखा, पट्टा, सांधे, झडपा सगळं तपासलं होतं. जाळी रोज डोळ्यांसमोर होती. पण ती यंत्राची आहे असं आमच्यापैकी कुणाच्या मनातच आलं नाही. ती धर्माची होती. धर्माच्या गोष्टीत बिघाड शोधायची आमच्यात कुणाला सवय नव्हती.

शेठना बोलावलं. त्यांनी शिडीखाली उभं राहून सगळं ऐकलं. त्यांना कळलं नाही असं नाही, ते हुशार होते. मी म्हणालो, जाळी काढली की खोली साफ होते. ते पक्ष्यांच्या ओट्याकडे बघत म्हणाले, "जीव ग्या नही पायजे. दुसरं काय बी करा, जाळी निघाव नही." मी म्हणालो, "शेठ, आतबी जीवच शेतस." ते ओट्याकडेच बघत राहिले. मला वाटतं, त्यांना ऐकू आलं होतं. पण चिमणीची पिसं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. बायांच्या आत काय होतं ते कुणाच्या डोळ्यांना दिसत नव्हतं.

काहीतरी करणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी मी पत्र्याची एक झडप कापली, तोंडापेक्षा बोटभर मोठी, आणि वरच्या कडेला बिजागऱ्या लावल्या. पंखा चालू झाला की वारा तिला उचलून धरणार, बंद झाला की ती आपल्या वजनानं तोंडावर पडणार. बंद नळात चिमणी शिरू शकत नाही, आणि चालत्या नळात एवढ्या वाऱ्यासमोर ती येणार नाही. शेठना समोर उभं करून दाखवलं. त्यांनी झडप बंद असताना कडेनं करंगळी घालून पाहिली, करंगळी गेली नाही. मग जाळी काढायला परवानगी मिळाली.

दोरा ताठ झाला आणि ताठच राहिला. खोलीतून आरपार दिसायला लागलं. इतकी वर्षं एकमेकींच्या शेजारी बसणाऱ्या बायांना पलीकडच्या टोकाची बाई कामाच्या वेळी पहिल्यांदा ओळखू आली. काकांनी माझ्या पाठीवर तीन बोटांचा हात ठेवला. मी आक्काकडे गेलो. तिच्या डोक्यावर, खांद्यावर रुईचं कणभरही नव्हतं. ती खोकत होती.

"धूळ गयी," ती म्हणाली, "खोकला ऱ्हायी गया."

साहेब यायच्या आत मुकादमानं तिला उठवलं. मी भांडलो. तो म्हणाला, हवा साफ आहे हे तूच करून दाखवलंस, मग आता हिला खोकला कशाचा? माझ्याच झडपेनं त्यानं माझं तोंड बंद केलं. शेवटच्या रेच्यावर दुसरी बाई बसली, दोरा तोच राहिला.

शेठच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्यांनी आक्काला कामावरून जाऊ दिलं नाही. पक्ष्यांचे दाणे निवडायचं काम दिलं. कडुनिंबाखाली ओट्यावर बसायचं, ज्वारी बाजरी पाखडायची, खडे काढायचे, पाण्याच्या परळात पाणी घालायचं. आपलं पोट आपण भरायचं ही तिची अट राहिली. घरी बसून भिंती बघणं टळलं, म्हणून मीही गप्प बसलो.

पण खोलीतली धूळ कुठं जात होती? ती त्या झडपेतून बाहेर, कडुनिंबावर आणि त्याच्याखाली. थोड्याच दिवसांत झाडाची पानं पांढरी पडली. ओटा पांढरा, परळातलं पाणी पांढरं, सूप हातात घेऊन बसलेली आक्का पांढरी. मी मुकादमाला म्हणालो, नळ भिंतीपलीकडे वाढवू द्या, पत्रा पडलाय. तो म्हणाला, खोली साफ झाली ना, साहेबानं खोली बघायची आहे, झाड नाही. शेठकडे गेलो तर शेठ सुरतेला. आक्का ओट्यावर बसून खोकायची आणि दाणे निवडायची. मी नळाखालून जाताना वर बघायचं सोडून दिलं होतं.

शेठ परतले त्या सकाळी दाण्याची परात घेऊन ओट्यावर आले. दाणे टाकले आणि उभे राहिले. झाडावर काही हललं नाही. आदल्या दिवशीचे दाणेही तसेच पडलेले होते, वर रुईचा थर. चिमण्या का आल्या नाहीत ते त्यांना कळेना. त्यांनी आक्काला विचारलं, "चिड्या काबर नही उन्यात?" तिनं सुपातलं बोट वर केलं आणि झडप दाखवली.

त्या दिवशी जिनिंगचं बाकीचं काम थांबलं. पत्रा निघाला, सुतार आला, मी आलो, काकांनी स्वतः शिडी धरली. संध्याकाळच्या आत नळ भिंत ओलांडून पलीकडच्या पडीक जागेत गेला आणि शेवटी माझी झडप तिथं लागली. मुकादमानं सांध्यांच्या पट्ट्यांसाठी स्वतःच्या घरून धोतर आणून दिलं. मी रिबिटं ठोकत होतो आणि माझ्या हाताला राग येत होता. पण काम मी चोख केलं, कारण त्या नळाखाली कोण बसतं ते मला माहीत होतं.

कडुनिंब हळूहळू हिरवा झाला. आक्काचा खोकला गेला नाही, पण त्याचा जोर उतरला. नंतर बरीच वर्षं ती त्या ओट्यावर होती. शेठ रोज सकाळी परात घेऊन यायचे आणि झाडाकडे बघत तिला विचारायचे, "उन्यात का?"

"उन्यात, शेठ," ती म्हणायची. "आन मी बी उनू."

शेठ मान हलवायचे, दाणे टाकायचे आणि चहा घ्यायला आत जायचे.